दुधाचा दात आणि खाऊचा पैसा



वसंत व्याख्यानमालेचा विषय भारदस्त असावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाही. दिवसभर त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेला सोलापूरकर संध्याकाळची झुळूक सोडून येथे येऊन बसतो, तो काही पदरात पडावे म्हणूनच. आज आम्ही मात्र अगदी लहान विषय घेऊन उभे आहोत. लहान म्हणजे तांदळाच्या दोनतीन दाण्यांएवढा. मुलाचा दुधाचा दात पडला म्हणजे त्यास किती पैसे मिळतात, आणि किती मिळावेत, हा तो विषय. ऐकून कोणी हसेल तर आमची तक्रार नाही. दातांचा विषय आहे, ते दिसलेच पाहिजेत.

प्रथम व्यवहाराचे बोलू. अमेरिकेत अशी रूढी आहे की पडलेला दात मुलाने रात्री उशीखाली ठेवून झोपावे. झोपेत एक परी येते, दात घेऊन जाते आणि त्या जागी पैसे ठेवते. या 'टूथ फेअरी'ला आपण दातपरी म्हणू. ही परी कोणत्या दराने दात खरेदी करते याची तेथे रीतसर नोंद होते. डेल्टा डेंटल नावाची दातांचा विमा उतरवणारी कंपनी १९९८ सालापासून पालकांकडे चौकशी करून दर वर्षी सरासरी प्रसिद्ध करते. १९९८ साली एका दाताचा भाव एक डॉलर तीस सेंट होता. २०२३ साली तो सहा डॉलर तेवीस सेंटांवर चढला. मग मंदी आली. २०२४ साली पाच डॉलर चौऱ्याऐंशी, आणि २०२५ साली पाच डॉलर एक सेंट. दुधाचे दात वीस. म्हणजे या शेवटच्या दराने एका तोंडाचे शंभर डॉलर होतात. ही कंपनी दाताच्या भावाची तुलना शेअरबाजाराच्या निर्देशांकाशीही करते, आणि पुष्कळ वर्षी दोहोंचा कल एकाच दिशेला असतो असे सांगते. बाजार चढला की बापाचा हात सैल होतो, हे समजायला निर्देशांक कशाला हवा, असे आम्हांस वाटते. पण ते असो.

यात सोलापूरचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की परी आता येथवर आलेली आहे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून आली, पडद्यावरच्या व्यंगचित्रांतून आली, आणि ज्यांची नातवंडे अमेरिकेत नि इंग्लंडात आहेत त्यांच्या घरी तर फोनमधून रोजच येते. तिकडचा नातू पडलेल्या दाताची खिडकी दाखवून सांगतो, मला पाच डॉलर मिळाले; आणि इकडे जुळे सोलापुरातला त्याचा चुलतभाऊ आपला हलणारा दात जिभेने ढकलत ते ऐकतो. रुपयांत ते चारशेच्या वर होतात, एवढा हिशेब त्या वयाची मुलेही कोणाकडून तरी करून घेतात. दुसऱ्या दिवशी तो आईला विचारतो, मला किती? या 'मला किती'चे उत्तर काय द्यावे, हे ठरविण्यासाठी आजचे बोलणे आहे.

परीबद्दल आणखी थोडे सांगावयास हवे. ती फार प्राचीन असावी असा ग्रह होतो, पण परी म्हणून तिचे वय सव्वाशे वर्षांच्या आसपासच आहे. छापील उल्लेख सापडतो तो १९०८ सालचा, शिकागोच्या एका वृत्तपत्रातील घरगुती सूचनांच्या सदरातला. त्यात सांगितले आहे ते असे : हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला परीची गोष्ट सांगावी, म्हणजे ते कबूल होते, आणि आयांनी पाच सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात जाऊन अशा प्रसंगांसाठी लहानसहान भेटी आणून ठेवाव्यात. म्हणजे मुळात ही युक्ती होती, आणि तीत रोख पैसा नव्हता. पैसा मागाहून शिरला.

युरोपातल्या काही देशांत हे काम परी करीत नाही, उंदीर करतो. फ्रान्समध्ये छोटी उंदरीण येते. स्पेनमध्ये पेरेस नावाचा उंदीर येतो. त्याची कथा लुइस कोलोमा या पाद्र्याने १८९४ च्या सुमारास आठ वर्षांच्या बालराजासाठी, तेराव्या अल्फोन्सोसाठी, लिहिली. राजाचा दात पडला होता. कथेतला उंदीर माद्रिदमध्ये बिस्किटांच्या डब्यात संसार थाटून राहतो. तो राजाला आपल्याबरोबर हिंडवतो आणि एका अत्यंत गरीब मुलाच्या खोलीत नेतो, कारण दात त्याचाही पडलेला आहे. त्या मुलाच्या उशीखाली उंदीर सोन्याचे नाणे ठेवतो. गरिबाच्या घरीही तोच उंदीर जातो, हे राजाला पाहावयास मिळाले. या गोष्टीतला हा भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. आणि सर्वांत जुने पाहावयाचे तर उत्तर युरोपातील जुन्या काव्यात असे आहे की फ्रेय या देवाला पहिला दात आला तेव्हा इतर देवांनी त्याला अल्फहाइम नावाचा सबंध लोक भेट दिला. ती पडलेल्या दाताची नव्हे, उगवलेल्या दाताची भेट होती. तरी एका दाताला मिळालेला याहून मोठा भाव आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या घरांत दाताला पैसा नव्हता. दात पडला की तो मुलाच्या हातात द्यावयाचा, त्याने तो माळवदावर फेकावयाचा आणि उंदराला सांगावयाचे की माझा घे, तुझा दे. कोकणात हाच दात कौलांवर जातो. आपल्याकडे मातीच्या सपाट छपराची घरे, म्हणून माळवद. काही घरांत तो शेणाच्या गोळीत दडवून फेकत, काही घरांत तुळशीच्या मुळाशी पुरत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका बोळात नांदतात. बोळाबोळाने रीत थोडी बदलते, पण बाजारात दात नेण्याची कल्पना यांपैकी कोणालाही सुचली नाही. जपानातसुद्धा खालचा दात छपरावर आणि वरचा दात घराखाली टाकतात, म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढतो. उंदीरच का, याचे उत्तर प्राणिशास्त्रात आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून त्याला ते झिजवावे लागतात. हे आपल्या आज्यांनी कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते, पण धान्याच्या कणगीपाशी बसून पाहिले होते. ज्याचे दात कधी संपत नाहीत त्याच्याकडेच दात मागावा, हा सरळ व्यवहार झाला.

आणि तो खरोखर व्यवहारच आहे, पण वस्तूला वस्तू देण्याचा. दाताच्या बदल्यात दात. यात गिरणीमालकाच्या मुलाला जे मिळते तेच त्याच्या घरच्या मोलकरणीच्या मुलाला मिळते. उंदराचा दर सर्वांस एक.

मग आपल्या मुलांना पैसा मिळत नव्हता काय? मिळत होता, त्याचे नाव खाऊ. आलेला पाहुणा निघताना पोराच्या हातावर काही ठेवी. आई तोंडाने नको नको म्हणे आणि पोर तोवर मूठ मिटून घेई. पाहुणा बोळाच्या वळणाआड गेला की आई म्हणे, दे, मी ठेवते. त्या ठेवींचा हिशेब आजवर कोणत्याही आईने दिलेला नाही, आणि कोणत्याही पोराने ती फिर्याद शेवटास नेलेली नाही. संक्रांतीच्या दिवसांत तान्ह्या मुलांचे बोरन्हाण होते. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे ओततात, काही घरांत नाणीही मिसळतात, आणि भोवतीची पोरे ती वेचण्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडतात. पण सोलापुरात या सर्वांवर ताण करणारा दिवस म्हणजे गड्डा. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांच्या काठ्या, अक्षतासोहळा हे वडीलधाऱ्यांचे. पोरांचा गड्डा होम मैदानावरचा. आजा देई, काका देई, शेजारची मावशी देई, आणि त्या चिल्लरीत पाळणा किती वेळा, शिट्टी घ्यावी की भिंगरी, फुगा फुटला तर काय, याचा अर्थसंकल्प रात्रभर चाले. बाहेरून कोणी मदत करणार नाही, कर्ज मिळणार नाही आणि निर्णय आपलाच, असा हा आयुष्यातला पहिला अर्थसंकल्प होय.

येथे एका अन्यायाची नोंद केल्यावाचून पुढे जाववत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैसा कोठून द्यावयाचा? म्हणून कोष्टक ठरले : एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. ज्याच्याजवळ पावली एकदम होती त्याचे काही गेले नाही. पण खाऊचा पैसा एकेक आण्यानेच मिळतो. सोळा आणे एकेक करून मोडणाऱ्या पोराला शंभरांऐवजी शहाण्णव मिळत. चार पैशांची ही तूट देशातल्या सर्वांत गरीब ठेवीदारांनी सोसली, आणि त्यांच्या वतीने विधिमंडळात प्रश्न विचारणार कोण? पुढे १९६४ साली 'नवा' हा शब्दही गेला, आणि ३० जून २०११ पासून पावली आणि तिच्याखालची सारी नाणी चलनातून बाद झाली.

आता जे सांगावयाचे आहे ते या गोड आठवणींइतके गोड नाही. दुधाचे दात पडावयास लागतात ते वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी. हे सातवे वर्ष सोलापूरच्या इतिहासात निराळ्या कारणाने नोंदले गेले आहे.

सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणत आलो, ती १८७७ साली सुरू झाली. चारच वर्षांनी, १८८१ साली, हिंदुस्थानातला पहिला कारखान्यांचा कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यंत्रांच्या कारखान्यात सात वर्षांखालील मूल कामास लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, असे त्याने ठरविले. याचा अर्थ शांतपणे ध्यानात घ्यावा. पहिला दात पडला की मूल गिरणीच्या दाराशी उभे राहण्यास लायक झाले. नऊ तासांची मर्यादा ही दया समजली जात होती.

आणि दाताचा हा संबंध आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. इंग्लंडात १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत मनाई केली, तेव्हा अडचण अशी आली की जन्माची नोंद नाही, आईबाप भुकेपोटी वय वाढवून सांगतात, मग वय ओळखावे कसे? एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ साली एक पुस्तिका लिहून पार्लमेंटच्या सभासदांपुढे ठेवली. उंचीपेक्षा दात विश्वासार्ह आहेत, मुलाचे तोंड उघडून पाहावे, असे त्याचे म्हणणे. हजारावर मुलांची तोंडे त्याने तपासली होती. हेतू चांगलाच होता. लहानग्यांना गिरणीबाहेर ठेवण्याचा होता. तरी ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. एका घरात मूल तोंड उघडते तेव्हा आई खिडकी पाहून हसते. दुसऱ्या घरातले मूल तोंड उघडते तेव्हा त्याला मजुरी मिळणार की नाही ते ठरते. दाताला पैसा मिळण्याची ही दुसरी रीत.

आपल्याकडे ते सातवे वर्ष हळूहळू पुढे सरकले. १८९१ साली नऊ झाले, १९२२ साली बारा, १९४८ च्या कायद्याने चौदा. परंतु कायदा गिरणीच्या फाटकाशी थांबतो, आणि सोलापूरचे काम कधीच नुसते गिरणीत नव्हते. पूर्वभागातल्या पद्मशाली घरांत माग घरातच असे. बाप विणी, आई सूत उकली, आणि कांड्या भरण्याचे काम पोरांकडे. विडीच्या घरांत आई सुपात तेंदूची पाने घेऊन बसे. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून शेजारी बसे आणि वळलेल्या विडीचे तोंड दुमडून देई. मजुरी हजार विड्यांवर मिळते, आणि हजार हा आकडा एका बाईच्या बोटांना पुरा होत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी आणि विणकाम ही कामे मुलांना बंद केली, पण घरच्या घरी कुटुंबाबरोबर चाललेले काम त्यातून वगळले. म्हणजे सोलापूरचे नेमके तेच वगळले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कामास लावणे सर्वत्र बंद झाले. घरच्या कामात हात लावण्यास मोकळीक ठेवली, तीही शाळेच्या वेळेबाहेर आणि काम धोक्याचे नसेल तर. ती आयाबहिणींना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांच्या कष्टावर या शहराच्या किती चुली पेटल्या ते येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. सांगावयाचे एवढेच की सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या कित्येक मुलांच्या हातावर पडलेले पहिले नाणे खाऊचे नव्हते, मजुरीचे होते. आणि तेही त्याच्या हातावर न पडता आईच्या हजारांत मिळून जाई.

म्हणून खाऊच्या पैशाकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहतो. मुलाला पैसा तीन वाटांनी येतो : मजुरी म्हणून, बक्षीस म्हणून, आणि खाऊ म्हणून. मजुरी कष्टाची, बक्षीस गुणांचे. खाऊ मात्र नुसते मूल असण्याबद्दल. तो मिळविण्यासाठी काही करावे लागत नाही, आणि तेच त्याचे महत्त्व आहे. ज्या मुलाला वर्षातून चार वेळा असा बिनकष्टाचा पैसा मिळतो त्याला कोणी तरी मूल मानले, एवढा त्याचा अर्थ. काही विद्वान मंडळी म्हणतात की फुकटच्या पैशाने मुले बिघडतात. आम्ही पुष्कळ बिघडलेली माणसे पाहिली; त्यांपैकी कोणी गड्ड्याच्या चार आण्यांनी बिघडलेला आढळला नाही.

सुशिक्षित घरांत आज उलट प्रकार दिसतो. मजुरी गेली हे उत्तमच, पण खाऊही गेला आणि सारेच बक्षीस झाले. नव्वद टक्के मिळव, सायकल घेतो. दूध पी, दहा रुपये देतो. मुलाच्या प्रत्येक पैशामागे काही तरी अट आली. अशा वेळी दात पडण्याचे निमित्त आम्हांस फार सोयीचे वाटते. दात पडण्यात गुण नाही, कष्ट नाही, नंबर नाही. हुशार पोराचा पडतो तसा ढ पोराचाही पडतो, आणि वीस वेळा पडतो. खाऊ देण्यास याहून निर्मळ कारण शोधून सापडावयाचे नाही. तेव्हा परी आली आहे तर तिला हाकलून देऊ नये असेच आमचे मत आहे. पूर्वीच्या पाहुण्यांइतके पाहुणे आता येत नाहीत. त्यांच्या बदली परी येत असेल तर येवो.

पण दर कोणता? आमची खरी भीती दराबद्दल आहे. दुसरीच्या वर्गात एकाच आठवड्यात तीन मुलांचे दात पडतात. एकाला परीने पाचशे दिले, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याच्या घरी परी गेलीच नाही, कारण त्याच्या आईला परी हे प्रकरण ठाऊक नाही, किंवा आहे पण महिनाअखेर आहे. मधल्या सुट्टीत हे तिघे आकडे मिळवून पाहतात. मोठी माणसे आपली मिळकत झाकून ठेवतात, पोरांपाशी झाकण नसते. तिसरा मुलगा परीवर रागावत नाही. आपला दातच वाईट असेल, किडका असेल, असे तो समजतो. पेरेस उंदीर राजाकडून निघून गरिबाच्या खोलीत गेला. आमची ही नवी परी मात्र बापाच्या पगाराची पावती पाहून येते. उंदराने जी समता राखली होती ती परीने मोडू नये.

म्हणून 'मला किती' याचे उत्तर आम्ही असे देतो. आपल्या मुलाच्या वर्गात सर्वांत ओढगस्तीचे घर ज्याचे असेल, त्या घरची माय मनात हिशेब न करता जेवढे देऊ शकेल तेवढे. त्याहून एक पैसा अधिक नाही. ऐपत आहे तर अधिक का देऊ नये, असे कोणी म्हणेल. ऐपत दाखवायला लग्ने आहेत, बंगल्यांची नावे आहेत, मोटारी आहेत. मुलाचे तोंड ही त्याची जागा नव्हे. आणि नोट देऊ नये, नाणे द्यावे. नोटेला आवाज नसतो, आणि उशीखाली हात घालून सापडण्याची मजाही नसते.

नाणे म्हणजे आजच्या दिवसांत दहा रुपयांचे. त्यालाही एक विघ्न आहे. पुष्कळ ठिकाणी दुकानदार ते खोटे म्हणून परत करतात, जरी रिझर्व्ह बँकेने २०१८ साली त्याचे चौदाही नमुने खरे असल्याचे जाहीर केले आहे. परीचे नाणे घेऊन गोळ्या आणावयास गेलेले पोर दुकानातून तसेच परत आले, तर परीची अब्रू जाते. तेव्हा येथे जे व्यापारी बंधू बसले असतील त्यांस आमची विनंती आहे की खिडकीचे दात दाखवीत कोणी नाणे पुढे केले तर त्याचा नमुना कोणता हे पाहू नका, घ्या.

आणि दात उशीखाली ठेवू नका. परीला त्याचा काही उपयोग नाही. माळवद आता राहिले नाही, स्लॅब आला. तरी गच्ची आहे. पोराला वर न्या आणि फेकू द्या. उंदीर तेथेही आहेत.